अमेरिकेंतील कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या कशा?

डॉ. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हें नांव आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाचें आहे. श्रीमती वीणा गवाणकर यांनीं १९८१ सालीं ‘एक होता कार्व्हर’ हें चरित्र प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून गुलामींत जन्मलेल्या ह्या कृषिशास्त्रज्ञाची कथा महाराष्ट्रांत घरोघर वाचली गेली आहे. कापसानें निःसत्त्व झालेल्या जमिनींत भुईमूग, चवळी व रताळीं लावावीं, असें ते अलाबामा संस्थानांतील टस्कीगी येथून शेतकऱ्यांस सांगत असत. १९०६ सालीं तर अवजारें व बियाणें घेऊन खेडोपाडीं फिरणारी एक गाडीच तेथून निघाली. ज्या शेतकऱ्यांच्या दारीं ती गाडी जात असे, ते बहुतेक कृष्णवर्णीय होते. त्यांच्या जमिनींचें पुढें काय झालें, हा प्रश्न मात्र आपल्याकडे फारसा कोणी विचारीत नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही त्याच प्रश्नाचा विचार करणार आहों. आमचें आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरांत गेलें असल्यामुळें, जमीन म्हटली कीं ती कोणाच्या नांवें लागली, कोणत्या कागदानें लागली व कोणत्या कागदानें निघाली, हें पाहण्याची आम्हांस संवयच जडली आहे. आणि अमेरिकेंतील ही हकीकत बव्हंशीं कागदांचीच हकीकत आहे.

प्रथम आंकडे पाहूं. १९२० सालच्या अमेरिकेच्या खानेसुमारींत ९,२५,७०८ कृष्णवर्णीय शेतकरी नोंदलेले आहेत. त्या वेळीं तेथें दर सात शेतकऱ्यांत एक कृष्णवर्णीय होता. १९१० च्या सुमारास ह्या लोकांच्या मालकीची जमीन अदमासें दीड कोटी एकर होती. आतां २०१७ सालची शेतकी गणती पहावी. ज्यांवर कृष्णवर्णीय कर्ता माणूस आहे अशीं शेतें उरलीं ३५,४७०, आणि मालकीची व खंडाची मिळून त्यांची जमीन सुमारें ४७ लक्ष एकर. म्हणजे शंभर वर्षांच्या आंत सव्वीस शेतांतून एक शिल्लक राहिलें. कोणी म्हणेल, यंत्रें आलीं, शहरें वाढलीं, लहान शेती सर्वांचीच मोडली. हें खरें आहे, व तें लपविण्याचें कारण नाहीं. १९२० सालीं त्या देशांत एकंदर शेतें ६४ लाखांहून अधिक होतीं, तीं २०१७ सालीं २० लाखांवर आलीं. परंतु त्या हिशेबानें तीन शेतांतून एक उरतें. सव्वीसांतून एक नव्हे. ह्या दोन आंकड्यांमध्यें जो फरक पडतो, तोच आमच्या लेखाचा विषय होय.

जमीन मिळाली कशी.—१८६५ च्या जानेवारींत, गुलामगिरीवरून पेटलेलें यादवी युद्ध संपत आलें असतां, उत्तरेकडील सेनापति जनरल शर्मन यानें विशेष रणहुकूम क्रमांक १५ काढला. साउथ कॅरोलायनांतील चार्ल्सटनपासून दक्षिणेस फ्लोरिडांतील सेंट जॉन्स नदीपर्यंतचीं बेटें व किनारपट्टीची जमीन मुक्त झालेल्या गुलामांस कुटुंबामागें चाळीस एकरांपर्यंत द्यावी, असा तो हुकूम होता. चाळीस एकर व एक खेचर अशी जी म्हण तिकडे पडली तिचें मूळ हेंच. खेचराचा उल्लेख मूळ हुकुमांत नाहीं, लष्करानें आपल्याजवळचीं जनावरें पुढें कांहींना दिलीं. कांहीं महिन्यांतच सुमारें ४०,००० माणसें जवळजवळ ४ लक्ष एकरांवर बसलीं व त्यांनीं पेरण्या केल्या.

येथें दप्तराच्या दृष्टीनें एक बाब ध्यानांत घेण्यासारखी आहे. ह्या लोकांस जो कागद मिळाला तो ताब्याचा होता. पक्का मालकी हक्क मिळणें पुढील सरकारी निर्णयावर अवलंबून होतें. एप्रिलमध्यें अध्यक्ष लिंकन यांचा खून झाला, आणि त्यांच्या जागीं आलेल्या अँड्र्यू जॉन्सन यांनीं बंडखोर जमीनदारांस माफी देऊन त्याच सालीं जमिनी परत करविल्या. ऑक्टोबरांत जनरल हॉवर्ड हे एडिस्टो बेटावर जाऊन, ही जमीन तुम्हांस सोडावी लागेल, असें तेथील कुळांस सांगते झाले. १८७३ सालीं महात्मा जोतीराव फुले यांनीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक अमेरिकेंतील गुलामांस मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांस अर्पण केलें, हें आपण अभिमानानें सांगतों. तें पुस्तक छापून निघालें तेव्हां मुक्तांना दिलेली जमीन परत घेण्याच्या गोष्टीस सुमारें आठ वर्षें होऊन गेलीं होतीं.

तेव्हां १९१० सालीं जी दीड कोटी एकर जमीन ह्या लोकांच्या नांवें दिसते, ती दानाची नव्हे. ती त्यांनीं मजुरी करून, अर्धेलीनें शेतें कसून, दहा-वीस एकरांचे तुकडे रोख पैशांनीं विकत घेऊन मिळविली. दोन लाखांहून अधिक कृष्णवर्णीय शेतकरी त्या सालीं स्वतःच्या जमिनीचे मालक होते. लिहावयास व वाचावयास शिकणें ज्यांच्या आईबापांस कायद्यानें बंद होतें, त्यांच्या मुलांनीं पन्नास वर्षांच्या आंत हें केलें. आमच्या मतें त्या देशाच्या शेतीच्या इतिहासांत ह्याहून मोठा पराक्रम क्वचितच सांपडेल.

दांडगाईनें गेलेली जमीन.—जमीन जाण्याची पहिली रीत उघड बळजबरीची. साउथ कॅरोलायनांतील ॲबव्हिल येथें अँथनी क्रॉफर्ड नांवाचे ४२७ एकरांचे धनी असलेले कृष्णवर्णीय शेतकरी होते. १९१६ च्या ऑक्टोबरांत सरकीच्या भावावरून एका गोऱ्या व्यापाऱ्याशीं त्यांची बोलाचाली झाली. त्याच दिवशीं जमावानें त्यांस मारून झाडास टांगलें, आणि त्यांच्या कुटुंबास गांव सोडून जाण्याविषयीं बजावलें. कुटुंब पांगलें व जमीन गेली. सरकीचा भाव पटला नाहीं तर आमचा शेतकरी गाडी फिरवून दुसऱ्या बाजारीं नेतो. तेथें तेवढें बोलणें जिवावर बेतलें. अशा खुनांविरुद्ध कायदा करण्यांत आपण वेळोवेळीं कसूर केली, याबद्दल अमेरिकेच्या सेनेटनें २००५ सालीं माफी मागितली, त्या वेळीं क्रॉफर्ड यांचे वंशज तेथें हजर होते.

वहींत अडकलेला शेतकरी.—१९२० सालच्या नऊ लक्ष शेतकऱ्यांपैकीं तीन चतुर्थांश कुळें होतीं, व त्यांतील पुष्कळजण बटाईनें जमीन करीत. बी, खत, जनावर, पीठ, मीठ, सर्व कांहीं जमीनदाराच्या किंवा दुकानदाराच्या उधारीवर. तारण म्हणून उभें पीक. उधारीचा भाव रोखीच्या भावाहून चढा, त्यावर व्याज, आणि वही सावकाराच्या हातीं. कापूस विकल्यावर हिशेब होई, त्यांत बहुधा कुळाकडेच बाकी निघे. वही दाखवा म्हणणें हा उद्धटपणा समजला जाई. १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें व वह्या जाळल्या, त्याचें कारण ज्यांस ठाऊक आहे त्यांस ही स्थिति निराळी समजावून देण्याची गरज नाहीं. त्या दंग्यानंतर सरकारनें चौकशी नेमली व १८७९ सालीं शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. अमेरिकेंत काय झालें तें पहावें. १९१९ च्या सप्टेंबर अखेरीस अर्कान्सास संस्थानांत एलेन गांवाजवळ बटाईदारांनीं संघ करून कापसाचा चोख हिशेब मागण्याचें ठरविलें. त्यांच्या सभेच्या ठिकाणीं गोळीबार झाला; मग गोऱ्यांचे जमाव व लष्कर त्या मुलखांत शिरलें आणि मोठीच कत्तल झाली. खटले मात्र बटाईदारांवरच झाले व त्यांपैकीं बारा जणांस फांशीची शिक्षा सुनावण्यांत आली. वरिष्ठ कोर्टानें १९२३ सालीं ह्या चौकशींत न्यायच झाला नव्हता असें ठरविलें, म्हणून त्यांचे जीव वांचले. दक्षिणेंतील दांडगाई, कपाशीच्या बोंडांवरील सोंडकिडा व उत्तरेकडील कारखान्यांतील मजुरी, ह्या तिहींमुळें पुढें लाखों लोक खेडीं सोडून शहरांत गेले.

कचेरींतील कर्ज.—ह्यानंतरची रीत अधिक शांत आहे, आणि म्हणूनच आमच्या वाचकांनीं ती अधिक बारकाईनें पहावी. तेथें कौंटी म्हणून जो भाग असतो तो आपल्या तालुक्यासारखा समजावा. १९३३ पासून सरकारची शेतकी मदत, आणि १९४६ नंतर तगाईसारखीं सरकारी कर्जें, ह्या कौंटीच्या कचेरींतून मिळूं लागलीं. ज्यास कोणतीही बँक उभी करीत नाहीं अशा शेतकऱ्यास शेवटचा आधार म्हणून हें कर्ज होतें. कायद्यांत रंगाचा उल्लेख नव्हता. परंतु अर्ज मंजूर करावयाचा कीं नाहीं, हें ठरविण्यांत स्थानिक पंचांच्या समितीचा मोठा हात असे, आणि हे पंच गांवांतील वजनदार गोरे शेतकरी असत. १९९६ सालीं सुद्धां सबंध देशांतील अशा ८,१४७ पंचांत कृष्णवर्णीय अवघे ३७ होते.

अर्ज नामंजूर करण्याची फारशी गरजही पडत नसे. उशीर केला म्हणजे पुरे. आमचा शेतकरी मृगापूर्वीं हातांत पैसा असावा म्हणून धडपडतो. आर्द्रा सरल्यावर आलेली तगाई बी पेरण्यास उपयोगी पडत नाहीं, केवळ देणें वाढविते. तेथेंही तसेंच होई. वसंतांत पेरणीसाठीं मागितलेलें कर्ज उन्हाळा लोटल्यावर यावें. मागितल्याहून कमी यावें. आणि आलेली रक्कम सुद्धां अधिकाऱ्याच्या सहीवांचून खर्चतां येऊं नये, अशी अट त्यावर असावी. दक्षिणेंतील कित्येक संस्थानांत कृष्णवर्णीयाचा अर्ज निकालीं निघण्यास गोऱ्याच्या अर्जाच्या सरासरी तिप्पट वेळ लागत असे, हें पुढें कोर्टाच्या निकालपत्रांत नमूद झालें. एक पेरणी चुकली कीं हप्ता थकतो. हप्ता थकला कीं जमीन लिलावास निघते. मग पाहणारा म्हणतो, हा शेतकरीच कच्चा. लिलावाच्या कागदावर थकबाकी दिसते. अर्ज कचेरींत किती महिने पडला होता हें दिसत नाहीं.

तक्रारीचीही हीच वाट झाली. नागरी हक्कांच्या सरकारी मंडळानें १९६५ सालीं शेतकी खात्यांतील पक्षपाताचा अहवाल दिला. १९८२ सालीं, हे शेतकरी नामशेष होत चालले आहेत, असा दुसरा अहवाल दिला. त्यावर उपाय होण्याचें दूरच, १९८३ सालीं शेतकी खात्यांतील ह्या तक्रारींची चौकशी करणारी शाखाच मोडण्यांत आली. तक्रारअर्ज येत राहिले, पण चौकशी करणारें कोणी नव्हतें. दावा लावण्याची मुदत दोन वर्षांची होती. ज्यांनीं चौकशीची वाट पाहिली त्यांची मुदत वाट पाहतां पाहतांच बुडाली.

एका सामुदायिक शेतीची गोष्ट.—ह्या सर्व गोष्टी एका ठिकाणीं पाहावयाच्या असतील तर जॉर्जिया संस्थानांतील ली कौंटीकडे पाहावें. कृष्णवर्णीयांचे नागरी हक्क मिळविण्यासाठीं झटणारे चार्ल्स शेरॉड व त्यांच्या पत्नी शर्ली शेरॉड यांनीं सोबत्यांसह १९६९ सालीं तेथें न्यू कम्युनिटीज नांवाची संस्था काढून सुमारें ५,७०० एकर जमीन घेतली. मतदानाचा हक्क बजावल्याबद्दल कुळांस जमिनीवरून हांकलून देत, सबब जमीन एकाच्या नांवें न ठेवतां सर्वांच्या विश्वस्त संस्थेच्या नांवें ठेवावी, म्हणजे कोणास ती विकतां येणार नाहीं व कोणास हांकलतां येणार नाहीं, अशी ही योजना होती. ह्या कल्पनेचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. अमेरिकेंत ह्या तऱ्हेच्या भूविश्वस्त संस्थांची मांडणी करणाऱ्या रॉबर्ट स्वान प्रभृतींनीं विनोबांच्या ग्रामदान चळवळीपासून स्फूर्ति घेतली होती. कोंकणांत गागोदें येथें जन्मलेल्या व वर्ध्याजवळ पवनार येथें राहिलेल्या पुरुषाचा विचार जॉर्जियांतील भुईमुगाच्या शेतांत रुजला, हें आमच्या वाचकांस ऐकून समाधान वाटेल.

परंतु शेत टिकलें नाहीं. घरें बांधण्यासाठीं सरकारी मदतीची जी आशा होती ती संस्थानांतील गोऱ्या पुढाऱ्यांच्या विरोधानें फोल ठरली. पुढें लागोपाठ अवर्षण पडलें. शेजारच्या गोऱ्या शेतकऱ्यांस तातडीचीं कर्जें मिळालीं. ह्या संस्थेचा अर्ज मात्र वर्षानुवर्षें अडून राहिला. १९८५ सालीं सर्व जमीन गेली. पुढें ज्या खटल्याची हकीकत आम्ही सांगणार आहों त्यांत २००९ सालीं संस्थेच्या बाजूनें निकाल होऊन सुमारें १ कोटी २० लक्ष डॉलर भरपाई मिळाली, आणि तींतून २०११ सालीं ऑल्बनी शहराजवळ सोळाशें एकरांवर जमीन तिनें घेतली. ती एके काळीं गुलाम राबविणाऱ्या जमीनदाराची मळ्याची जमीन होती. गेले ५,७००, आले १,६००, व मध्यें सव्वीस वर्षें. एक पिढी तेवढ्यांत म्हातारी झाली. तरी ज्यांस जमीनच परत उभी करतां आली, अशा थोडक्यांत ही संस्था मोडते.

वारसांची जमीन.—आतां शेवटची व सर्वांत कमी गाजावाजा करणारी रीत सांगतों. कोर्टकचेरीवर विश्वास नसल्यामुळें, वकील मिळत नसल्यामुळें, आणि जमीन सर्वांची राहिली तर ती कोणास विकतां येणार नाहीं ह्या भाबड्या समजुतीमुळें, पुष्कळ कृष्णवर्णीय शेतकरी मृत्युपत्र न करतां वारले. जमीन आजोबांच्याच नांवें राहिली, व खालीं वारस वाढत गेले. तिकडे ह्यास वारसांची मिळकत असेंच म्हणतात, आणि दक्षिणेंतील कृष्णवर्णीयांच्या जमिनीपैकीं सुमारें तिसरा हिस्सा अशा स्थितींत असावा, असा जाणकारांचा अंदाज आहे.

समजा, ऐंशी एकर जमीन आहे. आजोबास आठ मुलें, त्या प्रत्येकास आठ मुलें. प्रत्येक नातवाचा हिस्सा चौसष्टावा, म्हणजे सव्वा एकर. पण तो कोठला हें कोणासच ठाऊक नाहीं. एक नातू शिकागोंत आहे. त्यानें ती जमीन पाहिलेली सुद्धां नाहीं. एखादा जमिनीचा दलाल त्यास गांठून थोड्या पैशांत त्याचा हिस्सा विकत घेतो. आतां हा परका माणूस सहहिस्सेदार झाला, आणि कोणाही सहहिस्सेदारास वाटणीचा दावा लावतां येतो. कोर्ट पाहतें कीं ऐंशी एकरांचे चौसष्ट तुकडे करणें सोईचें नाहीं. सबब सर्वच जमीन विकून पैसे वांटून घ्यावे, असा हुकूम होतो. लिलाव कोर्टाच्या पायरीवर, रक्कम रोख, मुदत थोडी. जे जमिनीवर राहून ती कसतात त्यांच्याजवळ रोख रक्कम नसते. ती दलालाजवळ असते. सव्वा एकराच्या किंमतींत त्यानें ऐंशी एकर सोडविले. ह्यांत एकही कायदा मोडला गेला नाहीं, हें मुद्दाम लक्षांत ठेवावें.

साउथ कॅरोलायनांतील हिल्टन हेड बेट हें ह्याचें ठळक उदाहरण आहे. १९५६ सालीं बेटाला पूल झाला, जमिनीचे भाव चढले, आणि जेथें गुलामांच्या वंशजांचीं शेतें होतीं तेथें श्रीमंतांचे बंगले व खेळाचीं मैदानें झालीं. शिवाय ज्याच्या नांवें स्वच्छ कागद नाहीं त्यास कर्ज नाहीं, सरकारी शेतक्रमांक नाहीं, वादळांत पीक गेलें तर मदत नाहीं. जमीन आहे, पण ती कागदावर बोलत नाहीं.

न्याय किती मिळाला.—१९९७ सालीं नॉर्थ कॅरोलायनांतील टिमथी पिगफर्ड नांवाचे शेतकरी व इतर यांनीं शेतकी मंत्र्यावर दावा लावला. मुदतीची अडचण अमेरिकन काँग्रेसनें १९९८ सालीं कायदा करून दूर केली. १९९९ च्या एप्रिलांत न्यायाधीश फ्रीडमन यांनीं तडजोड मंजूर केली, व तिच्या निकालपत्राचा आरंभ त्यांनीं त्या चाळीस एकर व खेचराच्या वचनापासूनच केला. साधा पुरावा देणाऱ्यास ५०,००० डॉलर व सरकारी कर्जाची माफी, असें ठरलें. सुमारें २२,७०० अर्जांपैकीं १५,६०० च्या आसपास मंजूर झाले. आपल्यासारख्याच स्थितींतील गोऱ्या शेतकऱ्यास अधिक चांगली वागणूक मिळाली, हें अर्जदारानें दाखवावयाचें होतें. आणि तो पुरावा ज्या दप्तरांत होता तें दप्तर प्रतिवादीच्याच कपाटांत! मुदतीनंतर आलेल्या साठ हजारांहून अधिक अर्जांचा प्रश्न राहिला, त्यासाठीं २०१० सालीं सव्वाशें कोटी डॉलरांची दुसरी तडजोड झाली.

२०२१ सालीं अशा शेतकऱ्यांचीं सरकारी कर्जें माफ करण्यासाठीं सुमारें ४०० कोटी डॉलरांचा कायदा झाला. गोऱ्या शेतकऱ्यांनीं, हा रंगावरून केलेला भेद आहे, असा दावा लावून तो थांबविला, व २०२२ सालीं तो रद्द झाला. त्याच्या जागीं कोणत्याही कारणानें शेतकी खात्याच्या पक्षपातास बळी पडलेल्यांसाठीं २२० कोटींची तरतूद आली, आणि २०२४ च्या जुलैंत ४३,००० लोकांस मिळून सुमारें २०० कोटी डॉलर देण्यांत आले. ह्या रकमा मोठ्या दिसतात. परंतु कांहीं अर्थशास्त्रज्ञांनीं २०२२ सालीं हिशेब मांडला त्याप्रमाणें, १९२० ते १९९७ पर्यंत गेलेल्या जमिनीचें मोल ३२,६०० कोटी डॉलर होतें. शिवाय भरपाई पैशांत झाली, एकरांत झाली नाहीं. बांध मोडून दुसऱ्याच्या शेतांत मिळालेली जमीन धनादेशानें परत येत नाहीं.

अधिक टिकाऊ काम दोन ठिकाणीं झालें. एक, १९६७ सालीं स्थापन झालेल्या दक्षिणेकडील सहकारी संस्थांच्या संघाचें. कृष्णवर्णीय शेतकऱ्यांस एकत्र खरेदी-विक्री, कर्जाचे अर्ज व वारसाचे कागद यांत तो मदत करीत आला आहे. दुसरें, वारसांच्या मिळकतीच्या वाटणीचा नमुना कायदा. कायद्याचे प्राध्यापक टॉमस मिचेल यांच्या पुढाकारानें तो २०१० सालीं तयार झाला, व जॉर्जियानें २०१२ सालीं, अलाबामानें २०१४ सालीं आणि साउथ कॅरोलायनानें २०१६ सालीं तो स्वीकारला. त्याप्रमाणें आधीं जमिनीची किंमत ठरवावयाची, मग विक्री मागणाऱ्याचा हिस्सा विकत घेण्याची पहिली संधि कुटुंबांतील इतर हिस्सेदारांस द्यावयाची, आणि विकणें भागच पडलें तर उघड्या बाजारांत पुऱ्या भावानें विकावयाची. २०१८ सालापासून स्वच्छ मालकीपत्र नसलेल्या वारसास दुसऱ्या कागदांवर शेतक्रमांक मिळण्याचीही सोय झाली आहे.

आपण काय घ्यावें.—वाटणीच्या दाव्यांत एकानें विक्री मागितली असतां दुसऱ्या हिस्सेदारानें ठरलेल्या किंमतीस तो हिस्सा घ्यावा, ही तरतूद आपल्याकडे १८९३ च्या वाटणीच्या कायद्यांतच आहे. तेवढ्यापुरते आपण सुदैवी. परंतु कायदा असून जो कागद करीत नाहीं त्याला कायदा काय करणार? महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४९ प्रमाणें वारसानें हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याकडे वर्दी द्यावयाची असते. ती दिलीच जात नाहीं, आणि तीन पिढ्यांपूर्वीं वारलेल्या माणसाच्या नांवचा उतारा आजही कित्येक घरांत जपून ठेवलेला असतो. ज्या वाचकांच्या घरीं तसा उतारा असेल त्यांनीं शिकागोंतल्या त्या नातवाची गोष्ट आठवावी, आणि ह्याच हंगामांत वारस नोंद करून घ्यावी. मुलींचीं व बहिणींची नांवें त्यांत न चुकतां घालावीं. वगळलेला वारस हाच पुढें परक्याला घरांत आणणारा दरवाजा होतो.

दुसरी गोष्ट ह्याहून अवघड आहे. अमेरिकेंतील ते पंच बहुतेक आपल्यासारखेच होते: जमीनजुमला असलेले, चार लोकांत मान असलेले, आपण कोणावर जुलूम करतों असें मनांत न आणणारे. त्यांनीं एखादा अर्ज फक्त पुढच्या सभेवर ढकलला. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळजण सेवा सोसायट्यांच्या पंचमंडळावर बसतात. त्यांना आमची एवढीच विनंति आहे, कीं एके दिवशीं सचिवाकडून गेल्या दहा वर्षांचें कर्ज-अर्जांचें रजिस्टर मागून घ्यावें. अर्ज आल्याची तारीख एका रकान्यांत, मंजुरीची तारीख दुसऱ्यांत, मध्यें किती दिवस गेले तें पेन्सिलीनें तिसऱ्यांत मांडावें. मग पहिल्या रकान्यापलीकडील नांवें वाचावीं. उशीर जर सर्व वाड्यांवर सारखा वांटलेला असेल तर काम चोख आहे. तो जर ठराविक आळींतील नांवांपुढेंच सांपडूं लागला, तर पुढच्या सभेंत कोणता अर्ज आधीं घ्यावयाचा हें सांगण्यास आमची गरज उरणार नाहीं.